आर्थर व्हॉर्टन: पगारावर खेळलेला माणूस

आज आपण एका फुटबॉलपटूच्या कारकिर्दीबद्दल बोलणार आहोत. त्याचं नाव आर्थर व्हॉर्टन. जन्म आफ्रिकेतल्या अक्रा शहरात, १८६५ साली. मृत्यू इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये, १९३० साली. शंभर यार्डांच्या धावण्याच्या शर्यतीत तो लागोपाठ दोन वर्षं इंग्लंडचा विजेता होता. इंग्लिश फुटबॉलमधला पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक खेळाडू म्हणून आज त्याचं नाव घेतलं जातं. आणि उतारवयात पोटासाठी तो कोळशाच्या खाणीत मजुरी करत होता. एडलिंग्टन नावाच्या खाणगावात त्याला पुरलं, त्या जागेवर १९९७ पर्यंत नावाचा दगडसुद्धा नव्हता. म्हणजे तब्बल सदुसष्ट वर्षं.

ही गोष्ट साधारणपणे एका वाक्यात सांगून मोकळं होतात: काळा होता, म्हणून विसरला गेला. हे खरंच आहे. पण एवढ्यानं भागत नाही. कारण त्याच दशकात इंग्लंडच्या मैदानांवर आपल्याकडचा एक खेळाडू गाजत होता. कुमार रणजितसिंहजी, म्हणजे आपले रणजी. त्यांचा रंगही गोरा नव्हता. रंगावरून त्यांनाही बोल ऐकावे लागले. पण रणजी कोणी विसरलं नाही. त्यांच्या नावाची ट्रॉफी आपण आजही खेळतो. मग या दोघांत फरक कुठला? आमचं म्हणणं असं आहे की व्हॉर्टनच्या विस्मरणात रंगाइतकाच वाटा पगाराचा आहे. तो खेळाचे पैसे घेत होता. त्या काळच्या इंग्लंडमध्ये या एका गोष्टीनं माणसाची जागा ठरायची. आजचं सगळं बोलणं या मुद्द्याभोवती आहे.

आधी त्याचं मूळ बघू. आज ज्या देशाला आपण घाना म्हणतो, त्या किनाऱ्याला तेव्हा गोल्ड कोस्ट म्हणत. अक्रामधल्या जेम्सटाउन भागात २८ ऑक्टोबर १८६५ रोजी आर्थरचा जन्म झाला. वडील हेन्री व्हॉर्टन हे मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. ते मूळचे वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटाचे, आणि त्यांच्या अंगात अर्धं स्कॉटिश रक्त होतं. आई फांटी समाजातल्या राजघराण्याशी नातं असलेली. म्हणजे तीन किनाऱ्यांचा माणूस: कॅरिबियन, स्कॉटलंड आणि पश्चिम आफ्रिका.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. हा मुलगा गरिबीतून आलेला नव्हता. किनाऱ्यावरच्या शिकलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या, चर्चशी जोडलेल्या वर्गातला होता. आपल्याकडे त्याच सुमारास मिशनच्या शाळांतून शिकून शिक्षक, कारकून, पाद्री होणारी एक पिढी तयार होत होती. तसाच हा वर्ग. आर्थर लहान असतानाच वडील वारले. पण घरच्यांच्या डोळ्यांसमोर त्याचा रस्ता ठरलेला होता: इंग्लंडला जायचं, शिकायचं, आणि शिक्षक किंवा धर्मोपदेशक होऊन परत यायचं. तो इंग्लंडला गेला. १८८० च्या दशकाच्या मध्यावर उत्तर इंग्लंडमधल्या डार्लिंग्टन गावी, क्लीव्हलँड कॉलेजात होता. परत जायचं मात्र राहून गेलं. खेळानं त्याला पकडलं.

आता तेव्हाचा इंग्लिश फुटबॉल म्हणजे काय होतं, ते बघू. त्याशिवाय पुढचं कळणार नाही. फुटबॉल असोसिएशन १८६३ साली लंडनमध्ये स्थापन झाली. सुरुवातीची वीसेक वर्षं हा खेळ चालवणारी मंडळी बड्या खासगी शाळांतून शिकलेली होती. त्यांच्या लेखी खेळ म्हणजे चारित्र्य घडवण्याची गोष्ट. खेळाचे पैसे घेणं म्हणजे कमीपणा. आणि हे म्हणणं त्यांना परवडत होतं, कारण सोमवार ते शनिवार घाम गाळून पोट भरायची पाळी त्यांच्यावर नव्हती.

उत्तरेत, लँकशायरच्या कापडगिरण्यांच्या गावांत चित्र वेगळं होतं. १८५० च्या कारखाना कायद्यानं कापडगिरण्यांतल्या कामगारांना शनिवारी दुपारी दोननंतर सुट्टी मिळायला लागली. शनिवारची दुपार मोकळी, हातात थोडे पैसे, आणि मैदानावर सामना. लोक तिकीट काढून यायला लागले. तिकिटाचे पैसे आले की चांगला खेळाडू हवा. चांगला खेळाडू हवा तर त्याला काहीतरी द्यायला हवं. १८८३ साली ब्लॅकबर्न ऑलिंपिक या कामगारांच्या संघानं एफए कपच्या अंतिम सामन्यात ओल्ड इटोनियन्सना, म्हणजे ईटन शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना हरवलं. तिथून वारं फिरलं.

सगळ्यात धीट निघाला प्रेस्टन नॉर्थ एंड हा क्लब. तिथले कर्तेधर्ते विल्यम सडेल हे स्वतः गिरणीचे व्यवस्थापक. त्यांनी स्कॉटलंडहून खेळाडू आणले, त्यांना गावात कामं लावून दिली, आणि खेळाचे पैसे दिले. १८८४ साली लंडनच्या अप्टन पार्क क्लबनं तक्रार केली, तेव्हा सडेलनी सरळ कबूल केलं: होय, आम्ही पैसे देतो. प्रेस्टनला त्या वर्षी कपमधून काढून टाकलं. पण उत्तरेतले क्लब वेगळे व्हायच्या गोष्टी करू लागले, आणि जुलै १८८५ मध्ये असोसिएशननं व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिली. अटी घालून, नाक मुरडत, पण दिली.

म्हणजे बघा, इंग्लिश व्यावसायिक फुटबॉलमधले पहिले स्थलांतरित हे सीमा ओलांडून पोटासाठी आलेले स्कॉटिश कामगार होते. त्यांचा तिथे रागराग व्हायचा. बाहेरचे येतात, पैशासाठी खेळतात, आमच्या पोरांच्या जागा घेतात, ही तक्रार तेव्हापासूनची आहे. व्हॉर्टन या गर्दीत शिरला तो १८८६ मध्ये. तोही बाहेरचा. फक्त त्याचं बाहेरचं असणं लांबून दिसायचं.

पण फुटबॉलच्या आधी त्याचं नाव झालं ते धावण्यात. जुलै १८८६, लंडनचं स्टॅमफर्ड ब्रिज मैदान. आज आपल्याला हे चेल्सी क्लबचं मैदान म्हणून माहीत आहे, पण चेल्सी क्लब निघाला १९०५ मध्ये. तेव्हा ते धावण्याच्या शर्यतींचं मैदान होतं. तिथे अमॅच्युअर अॅथलेटिक असोसिएशनच्या स्पर्धेत व्हॉर्टननं शंभर यार्ड, म्हणजे साधारण ९१ मीटर, अंतर १० सेकंदांत कापलं. या राष्ट्रीय स्पर्धेत इतक्या वेळात हे अंतर कापणारा तो पहिला. पुढच्या वर्षी, १८८७ मध्ये, त्यानं विजेतेपद टिकवलं.

या संघटनेच्या नावातला अमॅच्युअर, म्हणजे हौशी, हा शब्द जरा थांबून बघू. तिच्या आधी, १८६६ मध्ये निघालेल्या जुन्या क्लबच्या नियमांत हाताने काम करणाऱ्या माणसाला, म्हणजे कारागिराला, मजुराला, शर्यतीत भागच घेता येत नसे. १८८० मध्ये ही नवी संघटना आली आणि तिनं ती अट काढली. मजूर धावू शकत होता. पण पैशासाठी धावलात, पैजेच्या शर्यतीत उतरलात, तर दार बंद. कायमचं बंद. व्हॉर्टन तेव्हा कॉलेजातला, मिशनच्या घरातला तरुण. वर्तमानपत्रांच्या भाषेत तो अजून सभ्य गृहस्थांच्या बाजूचा होता. काळा असूनही. हे आपण ध्यानात ठेवू.

शर्यतीच्या त्या यशाच्या सुमारासच तो डार्लिंग्टनच्या संघातून प्रेस्टनकडे आला. गोलकीपर म्हणून. इथे एक प्रश्न हमखास येतो: देशातल्या सगळ्यात वेगवान माणसाला गोलमध्ये कशाला उभं करायचं? उत्तर तेव्हाच्या नियमांत आहे. त्या काळी गोलकीपरचं काम आजच्यासारखं नव्हतं. १९१२ पर्यंत त्याला आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडू हाताने खेळता यायचा. अंगावर वेगळ्या रंगाचा शर्ट नसायचा. तो नियम १९०९ मध्ये आला. गोलला जाळी नव्हती. ती १८९१ मध्ये आली. आणि मुख्य म्हणजे समोरचे खेळाडू त्याला खांदा देऊन सरळ आडवं करू शकत होते, चेंडू त्याच्याजवळ असो वा नसो. म्हणजे गोलकीपरला पळता यायला हवं, उडी मारता यायला हवी, आणि मार खाता यायला हवा. व्हॉर्टनला तिन्ही येत होतं.

त्याची खेळण्याची तऱ्हाही वेगळी होती. तो खांबाशी दबा धरून बसायचा आणि शेवटच्या क्षणी झेपावायचा. १९४२ साली, म्हणजे तो वारल्यावर बारा वर्षांनी, शेफील्डच्या एका वर्तमानपत्रात एका जुन्या प्रेक्षकाचं पत्र छापून आलं. त्यानं आठवण सांगितली की एका सामन्यात व्हॉर्टननं उडी मारून आडवा दांडा पकडला, लोंबकळत चेंडू दोन्ही पायांत धरला, आणि अंगावर धावून आलेले तीन खेळाडू तसेच गोलमध्ये जाऊन पडले. आता हे शंभर टक्के असंच घडलं का? पन्नास वर्षांनी सांगितलेली आठवण आहे. थोडं मीठमसाला असेल. पण लोकांच्या डोळ्यांपुढे तो कसा राहिला, हे त्यातून नक्की कळतं.

लोकांना मजा वाटायची, ती काही वर्तमानपत्रवाल्यांना खुपायची. १८८७ च्या ऑक्टोबरमध्ये एका क्रीडापत्रानं लिहिलं की व्हॉर्टन गोलमध्ये असेल तर प्रेस्टनची कप जिंकायची शक्यता कमी होते, आणि गोलच्या खांबांमधली जागा धांगडधिंग्यासाठी नसते हे त्याच्या जाड डोक्यात शिरत नाही का, असा सवाल केला. तिथे त्याच्या रंगावरून वापरलेला शब्द आम्ही इथे उच्चारत नाही. पण युक्तिवाद बघा. गोऱ्या खेळाडूनं केलं तर कौशल्य, यानं केलं तर चाळे. आणि त्यातून थेट त्याच्या अकलेवर उडी. हे लिहिलं गेलं ते दशक आफ्रिकेच्या वाटणीचं होतं. बर्लिनची परिषद १८८४-८५ मधली. काळी माणसं बुद्धीनं कमी असतात, म्हणून त्यांच्यावर राज्य करणं हे आपलं कर्तव्य, असं शास्त्राच्या नावानं सांगितलं जात होतं. अशा वेळी एक काळा माणूस इंग्लंडच्या मधोमध गोऱ्या धावपटूंना मागे टाकतो, हे पचायला जड होतं.

प्रेस्टनकडून खेळताना १८८६-८७ च्या हंगामात संघ एफए कपच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि वेस्ट ब्रॉमविच अल्बियनकडून ३-१ असा हरला. व्हॉर्टनला इंग्लंडकडून खेळवावं, अशीही चर्चा त्या काळात झाली. खेळवलं नाही. इंग्लंडच्या मुख्य संघातला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून ज्याचं नाव सांगतात, तो व्हिव्ह अँडरसन, खेळला १९७८ मध्ये. मधे किती पिढ्या गेल्या ते तुम्हीच मोजा.

आणि मग १८८८. या वर्षी व्हॉर्टननं प्रेस्टन सोडलं. त्याच वर्षी बारा क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली. पहिल्याच हंगामात प्रेस्टननं बावीस सामन्यांपैकी एकही न हरता लीग जिंकली, आणि त्याच हंगामात एकही गोल न खाता एफए कपही जिंकला. अजिंक्य म्हणून तो संघ इतिहासात गेला. व्हॉर्टन त्यात नाही. कारकिर्दीचा हिशोब मांडताना इथे सगळे हळहळतात: अरे, एक वर्ष थांबला असता तर!

पण त्यानं असं का केलं, हे त्याच्या जागी उभं राहून बघितलं पाहिजे. तेव्हा लीग ही नवी, न जमलेली कल्पना होती. ती टिकेल की नाही कोणाला ठाऊक नव्हतं. उलट शेफील्डला धावण्याच्या व्यावसायिक शर्यती वर्षानुवर्षं चालत आल्या होत्या. या शर्यती कशा असायच्या? प्रत्येक धावपटूला त्याच्या ताकदीनुसार काही यार्ड पुढून किंवा मागून सोडायचे, म्हणजे चुरस राहावी. हजारो लोक यायचे, सट्टा लागायचा, आणि जिंकणाऱ्याला रोख बक्षीस मिळायचं. व्हॉर्टन शेफील्डला गेला आणि १८८८ च्या सप्टेंबरमधली तिथली शर्यत जिंकला. हातात पैसे आले. पण ज्या क्षणी तो पैशासाठी धावला, त्या क्षणी हौशी खेळाचं दार त्याच्यासाठी बंद झालं. स्टॅमफर्ड ब्रिजवर त्याला पुन्हा उतरता येणार नव्हतं. दोन विजेतेपदं असलेला माणूस एका शर्यतीनं दुसऱ्या वर्गात गेला.

आम्हाला वाटतं, त्याच्या आयुष्याचं वळण हेच. मिशनच्या घरातला मुलगा आता अंगमेहनतीवर जगणारा माणूस झाला होता. आणि त्यानं ते डोळे उघडे ठेवून केलं असणार, कारण हा नियम तेव्हा प्रत्येक धावपटूला माहीत होता.

१८८९ मध्ये तो रॉदरहॅम टाउन या क्लबकडे व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणून गेला. पुढच्या वर्षी त्याच गावात त्याचं लग्न झालं. तो पब चालवू लागला. पब चालवणं हा तेव्हाच्या खेळाडूंचा नेहमीचा जोडधंदा होता, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. नामवंत खेळाडू पबच्या काउंटरमागे उभा असला की गिऱ्हाईक वाढतं. म्हणून दारू गाळणाऱ्या कंपन्यांना असे लोक हवेच असायचे. खेळाडूलाही उन्हाळ्यात, खेळ बंद असताना, मिळकत हवी. क्लबलाही बरं, पगार कमी द्यावा लागतो. सगळ्यांची सोय. पण दारूच्या दुकानात राहणाऱ्या माणसाला दारू लागायला वेळ लागत नाही. व्हॉर्टनलाही ती लागली.

रॉदरहॅम टाउन १८९३ मध्ये फुटबॉल लीगच्या दुसऱ्या विभागात आला आणि व्हॉर्टन लीगमध्ये खेळायला लागला. म्हणजे अजिंक्य प्रेस्टनबरोबर जी लीग हुकली, ती पाच वर्षांनी एका लहान क्लबकडून मिळाली. १८९४ मध्ये त्याला मोठ्या क्लबकडून बोलावणं आलं: शेफील्ड युनायटेड. इथेही पगाराबरोबर पब देऊ केलेला होता. पण त्याच वर्षी युनायटेडनं आणखी एक गोलकीपर घेतला होता. विल्यम फोक. वीस वर्षांचा, ताडमाड उंच, पुढे इंग्लंडमधला सगळ्यात वजनदार गोलकीपर म्हणून प्रसिद्ध झालेला. व्हॉर्टन एकोणतीस वर्षांचा. त्याला फोकच्या मागे बसावं लागलं. २३ फेब्रुवारी १८९५ रोजी संडरलंडविरुद्ध तो पहिल्या विभागात खेळला, आणि अव्वल विभागात खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. त्या हंगामात युनायटेडकडून त्याला मिळाले मोजून तीन सामने.

हीच १८९५ ची तारीख आपल्याला रणजींकडे परत नेते. फेब्रुवारीत व्हॉर्टन संडरलंडपुढे गोलमध्ये उभा राहिला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात रणजी ससेक्सकडून खेळायला लागले. पुढच्या वर्षी, १८९६ मध्ये, मँचेस्टरला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत रणजींनी पदार्पणातच ६२ आणि नाबाद १५४ धावा केल्या. इंग्लंडनं त्यांना डोक्यावर घेतलं. ते केंब्रिजचे, आणि हौशी, म्हणजे जंटलमन. इंग्लिश क्रिकेटमध्ये जंटलमन आणि प्लेयर्स, म्हणजे पगार न घेणारे आणि घेणारे, यांची विभागणी १९६२ पर्यंत नियमानं चालू होती. कपडे बदलायच्या खोल्याही बहुतेक ठिकाणी वेगळ्या. रणजी योग्य खोलीत होते. व्हॉर्टन तशा खोलीत जन्मला होता, आणि आपल्या पायांनी बाहेर आला.

आपल्याकडचं दुसरं उदाहरण या बाजूनं जास्त जवळचं आहे. पळवणकर बाळू. चर्मकार समाजातले, मूळ कोकणातल्या पळवणचे. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबमध्ये महिना चार रुपयांवर मैदानाची देखभाल करता करता ते सरावाला गोलंदाजी टाकू लागले आणि देशातले पहिल्या दर्जाचे डावखुरे फिरकी गोलंदाज झाले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. पण पुण्यात हिंदूंच्या संघाकडून खेळताना चहा मात्र मैदानाबाहेर, मातीच्या भांड्यात. आणि हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. तिथे जात, इथे रंग. पण दोघांच्या बाबतीत एक गोष्ट सारखी: मैदानावर पहिली ओळख पगारी माणसाची. पगारी माणसाचं कौशल्य वापरायचं असतं. मान द्यायचा असतो तो दुसऱ्याला.

पुन्हा व्हॉर्टनकडे येऊ. शेफील्डनंतरचा रस्ता उताराचा आहे. १८९५ मध्ये परत रॉदरहॅम टाउन. हा क्लब पुढच्याच वर्षी लीगमधून बाहेर पडला. तो हंगाम चालू असतानाच ब्रिटिश फौज गोल्ड कोस्टमध्ये उतरून असांतेंची राजधानी कुमासीवर गेली, आणि जानेवारी १८९६ मध्ये त्यांच्या राजाला कैद केलं. त्याच किनाऱ्यावर जन्मलेला माणूस तेव्हा यॉर्कशायरच्या चिखलात चेंडू अडवत होता. मग स्टॅलीब्रिज रोव्हर्स. मग अॅश्टन नॉर्थ एंड, ज्याचं दिवाळं १८९९ मध्ये वाजलं. परत स्टॅलीब्रिज. शेवटी १९०१-०२ मध्ये दुसऱ्या विभागातला स्टॉकपोर्ट काउंटी. तिथे त्याचा व्यावसायिक फुटबॉल संपला. वय छत्तीस. मधल्या उन्हाळ्यांत तो उत्तरेतल्या गावोगावच्या संघांसाठी क्रिकेटही खेळत असे.

अशी यादी वाचताना आपण म्हणतो, काय ही घसरण. पण त्या काळच्या सामान्य व्यावसायिक खेळाडूची यादी काढून बघा, साधारण अशीच निघेल. क्लब बुडायचे, करार एकेका हंगामाचे, आणि १८९३ पासून क्लबनं सोडल्याशिवाय दुसरीकडे जाता येत नसे. १९०१ मध्ये असोसिएशननं आठवड्याला चार पौंड ही पगाराची कमाल मर्यादाच घालून दिली. म्हणजे कितीही चांगला खेळलात तरी त्याच्या वर नाही. निवृत्तिवेतनाचा प्रश्नच नव्हता. खेळाडूंची टिकून राहिलेली संघटना निघाली १९०७ मध्ये. तोवर व्हॉर्टन मैदानाबाहेर होता. मैदानावर मिळवलेलं सगळं मैदानावरच संपलं.

पुढे तो खाणीत गेला. डॉन्कास्टरजवळच्या एडलिंग्टनची यॉर्कशायर मेन ही खाण. तिथे तो कोळशाच्या डब्यांची ने-आण करणाऱ्या मजुरांत होता. पहिल्या महायुद्धात गावाच्या राखीव दलातही त्यानं नाव नोंदवलं. १३ डिसेंबर १९३० रोजी, दीर्घ आजारानंतर, पासष्टाव्या वर्षी तो वारला. गरिबांच्या वाट्याला येणाऱ्या, नाव नसलेल्या जागेत त्याला पुरलं.

आता इथे आमचा मुद्दा नीट मांडतो. त्या स्मशानात नाव नसलेला तो एकटा नव्हता. खाणगावांत दगड परवडणं हीच मोठी गोष्ट होती. व्हॉर्टनचं थडगं निनावी राहिलं, कारण तो तेव्हाच्या इतर मजुरांसारखा मेला. आणि त्याचं काम निनावी राहिलं, कारण त्याची आठवण सांगणारा जो वर्ग होता, आठवणींची पुस्तकं लिहिणारा, क्लबांचे इतिहास छापणारा, त्या वर्गातून तो कधीच बाहेर पडला होता. मिशनच्या लोकांना तो आपला वाटला नसणार, कारण तो पब चालवत होता. हौशी धावपटूंच्या संघटनेला तो आपला नव्हता, कारण त्यानं पैसे घेतले. आणि फुटबॉलच्या इतिहासाला लीगचे मोठे विजेते हवे असतात; याच्याकडे होते तीन सामने. रंगानं यातलं प्रत्येक दार जरा जास्त घट्ट लावलं. पण दारं आधीपासूनच होती.

"पहिला" या शब्दाबद्दलही थोडं बोललं पाहिजे. व्हॉर्टनच्या आधी अँड्र्यू वॉटसन होता. दक्षिण अमेरिकेतल्या ब्रिटिश गयानामध्ये जन्मलेला. १८८१ मध्ये तो स्कॉटलंडचा कर्णधार होता, आणि त्या सामन्यात स्कॉटलंडनं इंग्लंडला लंडनमध्ये ६-१ असं हरवलं. वॉटसननं नंतरच्या काळात पैसे घेतले का, यावर अभ्यासकांत वाद आहे. तसं ठरलं तर व्हॉर्टनचं पहिलेपण जाईल. जाऊ दे. पहिलेपणाच्या पाट्या बदलत राहतात. व्हॉर्टनची कारकीर्द महत्त्वाची आहे ती तेरा हंगामांसाठी: १८८९ ते १९०२, सहा वेळा क्लब बदलून, एक स्थलांतरित माणूस या धंद्यात टिकून राहिला. एखाद्या संध्याकाळी चमकणं वेगळं. आपल्याकडचा मोहम्मद सलीम १९३६ मध्ये ग्लासगोच्या सेल्टिक क्लबकडून दोन सामने अनवाणी खेळला, वाहवा मिळवली आणि कलकत्त्याला परतला. ती गोष्ट सुंदर आहे. पण परतायचं नाही असं ठरवून, गोऱ्यांच्या गावात, दर शनिवारी लोकांचे शब्द ऐकत, आठवड्याच्या पगारासाठी उभं राहणं ही वेगळी गोष्ट आहे.

व्हॉर्टन परत कसा आला? शेफील्डमध्ये वंशद्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या, फुटबॉलशी जोडलेल्या एका गटानं वर्गणी आणि पाठपुरावा करून १९९७ मध्ये त्याच्या थडग्यावर दगड बसवला. पुढच्याच वर्षी फिल वासिली या इतिहासकारानं त्याचं चरित्र लिहिलं. जुनी क्रीडापत्रं, गावोगावच्या वर्तमानपत्रांतल्या चार-दोन ओळींच्या नोंदी, यातून हा माणूस पुन्हा जोडला गेला. २००३ मध्ये इंग्लिश फुटबॉलच्या सन्मान यादीत त्याचं नाव आलं. २०१४ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल केंद्रात, सेंट जॉर्जेस पार्कमध्ये, त्याचा मोठा पुतळा उभारला. पुतळ्यात तो झेपावून चेंडू अडवतो आहे.

पुतळा व्हायला हवा होता, झाला, चांगलं झालं. पण पुतळ्यात गोलकीपर दिसतो. पब दिसत नाही, बुडालेले क्लब दिसत नाहीत, खाण दिसत नाही. आपल्याकडेही आता जुन्या खेळाडूंवर लिहिलं जातंय: गिरणगावातले कबड्डीपटू, तालमीतले पैलवान, मैदानं सांभाळणारे माळी. त्यांच्याबद्दल लिहिताना किती कप जिंकले याच्या जोडीला आणखी काही प्रश्न विचारायला हवेत. महिन्याला किती मिळायचे? कोण द्यायचं? दुखापत झाली तर घर कसं चालायचं? खेळ संपल्यावर कुठे कामाला लागले? या प्रश्नांची उत्तरं क्लबच्या स्मरणिकेत सापडत नाहीत. ती पगाराच्या वहीत, गिरणीच्या हजेरीपटात, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात असतात. तुमच्यापैकी कोणाच्या घरी असं काही असेल, तर ते आधी लिहून ठेवा. वह्या रद्दीत जातात, आणि माणसं वाट बघत नाहीत.